कोठ्यात सापडलेली शर्यतीची जुनी लाकडी होडी: ओळख आणि दुरुस्तीबाबत मार्गदर्शन हवे आहे

पवनीची शिक्षिका

नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात एका लहान गावी राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझे मामंजी मागच्या मार्गशीर्षात वारले. तरुणपणी ते नागपुरात नौदल एनसीसीमध्ये होते, आणि सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी एका लिलावात त्यांनी शिडाची एक मोडकी होडी विकत घेऊन ट्रॅक्टरवर गावी आणली होती. ती कधी पाण्यात उतरल्याचे घरात कोणालाच आठवत नाही. गुरांच्या कोठ्याच्या मागल्या बाजूला, तणसाच्या ढिगाखाली ती पालथी पडून होती, आणि यंदा तणस संपल्यावर ती पूर्ण उघडी पडली.

काठाकाठाने टेप लावला तर लांबी बरोबर चौदा फूट भरते. सर्वांत रुंद जागी रुंदी पाच फूट तीन इंच आहे. अंग प्लायवूडचे असून तळ गोल नाही. दोन्ही बाजूंना पुढून मागपर्यंत दोन-दोन ठळक घड्या आहेत. मधोमध एक अरुंद उभी पेटी असून तिची फट तळातून आरपार गेलेली आहे. वरचा रंग हिरवा, तो निघाला तेथे खाली पांढरा आणि त्याच्याही खाली निळा दिसतो. मागच्या सपाट फळीच्या उजव्या कोपऱ्यात लाकूड इतके मऊ झाले आहे की दाभण सहज आत जाते. काही स्क्रूंची डोकी पितळेसारखी पिवळी नसून गुलाबी पडली आहेत आणि पकडीने ओढताच त्यांचा चुरा होतो.

डोलकाठी मात्र कोठ्यात नव्हती. ती सांदवाडीत वालाच्या मांडवाला खांब म्हणून उभी होती, हे मला मागच्या आठवड्यात कळले. तिच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत एक गोलसर खाच आहे आणि त्या खाचेत कुंभारमाशांनी मातीची घरे केली आहेत.

माझे प्रश्न दोन आहेत. ही होडी नेमकी कोणत्या जातीची आहे? आणि गावातल्या साधनांनी ती पुन्हा पाण्यावर जाण्याजोगी करता येईल का? एका ओळखीच्या गृहस्थांनी सगळा रंग खरवडून वरून फायबर चढवण्याचा सल्ला दिला आहे, पण हात लावण्याआधी जाणकारांना विचारावे असे वाटले.

जुना कॅडेट, नागपूर

ताई, हात लावण्याआधी विचारलेत हे फार चांगले केले. मीही ऐंशीच्या दशकात नौदल एनसीसीत होतो आणि अंबाझरी तलावावरच शीड धरायला शिकलो, त्यामुळे आपले वर्णन वाचताना मन भरून आले. डोलकाठीच्या पाठीवरची ती खाच शिडाच्या कडेला शिवलेला दोर सरकवत वर नेण्यासाठी असते. लाकूड पोखरून इतकी लांब आणि सरळ खाच काढण्याचे कष्ट साध्या मासेमारीच्या नावेसाठी कोणी घेत नाही; ही शर्यतीच्या होडीचीच खूण आहे. कृपया कुंभारमाशांची माती खिळ्याने कोरून काढू नका. कापडाच्या ओल्या बोळ्याने ती भिजवून मऊ करा आणि बांबूच्या काडीने काढा, कारण खाचेचे ओठ पातळ असतात आणि एकदा तुटले की शीड तेथेच अडकते.

आता ओळखीविषयी. आपण दिलेल्या दोन मापांत मला विसंगती दिसते. चौदा फूट लांबी वाचताच मनात जीपी १४ येते. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने १९४९मध्ये ती आखली आणि नावातला १४ म्हणजे तिची फुटांतील लांबी. पण तिची रुंदी १.५४ मीटर, म्हणजे पाच फुटांच्या किंचितच वर असते. आपण सांगितलेली पाच फूट तीन इंच, म्हणजे १.६० मीटर ही रुंदी याच होल्टने १९५६मध्ये आखलेल्या एंटरप्राइजची आहे, आणि तिची लांबी मात्र ४.०४ मीटर, म्हणजे तेरा फूट तीन इंच. आपण टेप काठाच्या वळणाने फिरवला असल्यामुळे लांबी वाढून आली असावी. पुढच्या टोकावरून आणि मागच्या फळीच्या मध्यावरून ओळंबा सोडा, जमिनीवर दोन खुणा करा आणि त्या दोन खुणांमधले सरळ अंतर मोजा.

इतर शक्यताही एकेक करून बाजूला ठेवता येतील. फायरबॉल १९६२ची, पीटर मिल्न यांची. ती सोळा फुटांहून लांब आणि पुढून चपटी असते. मिरर डिंगीही पुढून बोथट असते आणि जेमतेम पावणेअकरा फुटांची असते. फायरफ्लाय ही उफा फॉक्स यांची होडी बारा फुटांची आणि गोल अंगाची. तिला घड्या नसतात. फसगत होण्याचा संभव फक्त ओके डिंगीबाबत आहे, कारण तिची लांबी ४.०० मीटर म्हणजे जवळजवळ तेवढीच आहे. पण ती एकट्याने चालवायची, एकाच शिडाची होडी असून १.४२ मीटर इतकीच रुंद असते आणि तिची डोलकाठी बाजूच्या तारांच्या आधाराविना, बरीच पुढे उभी राहते. आपल्या होडीच्या दोन्ही काठांवर, मध्याच्या थोडे पुढे, तार अडकवण्याच्या धातूच्या पट्ट्या किंवा त्यांची छिद्रे आहेत का ते पाहा.

एंटरप्राइजचे शीड मूळचे निळे असते आणि त्यावर ई हे अक्षर असते. ती दोघांची होडी आहे. शर्यतीतही तिला पुढचे फुगणारे मोठे शीड वापरत नाहीत. १९८२च्या आशियाई खेळांत शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या. त्या वेळी एंटरप्राइजचे सुवर्ण पाकिस्तानचे बैराम आणि गोशपी आवारी या पतिपत्नींनी जिंकले, तर फायरबॉलचे सुवर्ण आपल्या फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी. आम्हा कॅडेटांना तेव्हा ही नावे पाठ होती.

एक कळकळीची विनंती. मागच्या फळीच्या आतल्या अंगाला, आणि मधल्या पेटीच्या बुडाशी तळाला लांबीने जोडलेल्या जाड लाकडावर, कोरलेला आकडा शोधा. लाकडी शर्यती होड्यांवर त्यांचा शिडाचा क्रमांक असा लाकडातच कोरण्याची पद्धत होती. रंधा, पॉलिश पेपर, खरवडणी यांपैकी काहीही चालवण्याआधी तो शोधा. कारण एकदा तो घासला गेला की तिची ओळख कायमची गेली.

चंद्रपूर फायबर

ताई, मी पाण्याच्या टाक्या आणि फायबरची बांधकामे करतो. जुन्या लाकडाला बाहेरून काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिनचे दोन थर दिले तर होडी गळणार नाही, खर्चही मर्यादित राहील आणि आठवडाभरात काम होईल. आमच्याकडे तलावावरच्या दोन नावांना असे केले आहे आणि त्या दोन वर्षांपासून चालत आहेत.

सुतारकाम, ब्रह्मपुरी

वरच्या भाऊंच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण या होडीसाठी तो उपाय मला पटत नाही आणि त्याची कारणे मी सविस्तर सांगतो. माझ्या वडिलांपासून आमच्याकडे रेंग्या, दमण्या या बैलगाड्या आणि घरांची दारे-चौकटी यांचे काम चालत आले आहे, आणि गेल्या पंधरा वर्षांत मी प्लायवूडच्या चार होड्या दुरुस्त केल्या आहेत.

पॉलिएस्टर रेझिन जुन्या, रंग मुरलेल्या, ओल पकडलेल्या लाकडाला नीट धरत नाही. सुरुवातीची दोन वर्षे ठीक जातात. मग एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी फायबर आणि लाकूड यांच्यामध्ये शिरते आणि तेथून त्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. वरून होडी चकचकीत दिसते, आतून तिचा भुगा होतो. दुसरे कारण वजनाचे. साडेचारशे ग्रॅमच्या मॅटचा एक थर रेझिनसह चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास जातो. या होडीचे बाहेरचे अंग आठेक चौरस मीटर धरले तर एका थराला बारा किलो आणि दोन थरांना चोवीस किलो वाढतात. एंटरप्राइजचे रिकामे अंग ९४ किलोचे असते. शर्यतीच्या होडीवर त्याच्या चौथ्या हिश्श्याइतका भार कायमचा चढवायचा, म्हणजे ती ज्या हलकेपणासाठी घडवली तोच काढून घ्यायचा.

आता काय करावे ते सांगतो. सध्या वैशाख आहे, पारा पंचेचाळीसवर आहे आणि लाकूड वर्षभरातले सर्वांत कोरडे, सर्वांत आक्रसलेले आहे. आज दिसणाऱ्या फटी पाहून घाबरू नका आणि त्या कडक पुट्टीने मुळीच बुजवू नका. मृगाचा पाऊस पडला की लाकूड फुगते आणि बुजवलेली फट आपल्या जागी नवी चीर पाडते. प्लायवूड स्वतः फारसे हलत नाही. हलतात ते आतले काठ, घडीच्या आतल्या पट्ट्या आणि तळाचे जाड लाकूड, आणि त्यांच्या या हालचालीनेच सरस सुटतो. होडी कोठ्याच्या सावलीतच ठेवा, जमिनीपासून हातभर उंच तीन ठिकाणी सारखा आधार द्या, म्हणजे उधईही चढणार नाही आणि अंगाला पीळही पडणार नाही. ऊन थेट लागू देऊ नका. सरस लावण्याचे काम दिवाळीनंतर, कार्तिक-मार्गशीर्षात करा.

तोवर तपासणी करता येईल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळे अंग वीतवीत अंतरावर ठोकत जा. चांगले प्लायवूड टणक, स्वच्छ वाजते. थर सुटलेले असतील तेथे आवाज बोद येतो, पिकलेल्या कलिंगडावर टिचकी मारल्यासारखा. अशा जागेभोवती खडूने रेघ ओढा. मागच्या फळीचे कोपरे, डोलकाठीच्या बुडाची बैठक आणि मधल्या पेटीचे बूड या तीन जागा अधिक बारकाईने पाहा, कारण पावसाचे गोडे पाणी तेथे साचते आणि लाकूड कुजवण्यात ते समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा वाईट असते. गुलाबी पडलेल्या स्क्रूंमधले जस्त निघून जाऊन नुसते तांबे राहिले आहे. ते सगळेच बदलावे लागतील. त्यांच्या जागी लोखंडी स्क्रू घालू नका. ३१६ दर्जाचे स्टेनलेस चालेल, सिलिकॉन ब्राँझ मिळाले तर उत्तमच.

कुजलेला भाग कापताना चांगले लाकूड लागेपर्यंत आणि त्याच्या पुढे आणखी चार बोटे जा. नवा तुकडा कडेला कड लावून बसवू नका. दोन्ही कडांना एकास आठ असा उतार काढा, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायला अठ्ठेचाळीस मिलिमीटर रुंद उतार, आणि तो एकावर एक चढवून एपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या पक्क्या सरसाने, जोडा. असा सांधा वाकवला तरी सुटत नाही. उतार काढताना प्लायचे थर रेघांसारखे दिसतात. त्या रेघा समांतर आणि सारख्या रुंदीच्या राहिल्या तर रंधा बरोबर चालला आहे असे समजा.

आणि प्लाय पारखून घ्या. तीन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून मरीन म्हणून आणलेल्या फळीचा वीतभर तुकडा घरच्या चुलीवर पातेल्यात उकळत ठेवला, आणि जेवण होईपर्यंत त्याचे थर हाताने सोलता येऊ लागले. खऱ्या मरीन प्लायवर आयएस ७१०चा शिक्का असतो आणि त्या मानकात बहात्तर तास उकळण्याची कसोटी आहे. शिक्का पाहा, आणि शिक्का दिसला तरी एक तुकडा उकळून पाहाच.

काठासाठी आणि मागच्या फळीसाठी आपल्याकडचे सागवान वापरण्यास हरकत नाही. फक्त ते तेलकट असते. एपॉक्सी लावण्याच्या अगदी आधी ती बाजू ॲसिटोनने पुसली नाही तर सांधा तेलावरच बसतो. डोलकाठीला मात्र सागाचा ठिगळ लावू नका, वर वजन वाढेल. तेथे हलके, सरळ धाग्याचे पाइनच हवे.

पवनीची शिक्षिका

दोघांचीही मनापासून आभारी आहे. आज सकाळी ऊन चढण्याआधी आम्ही ओळंबा सोडून मोजले. दोन खुणांमधले अंतर ४०४ सेंटीमीटर भरले. टेप तीनदा लावला, तिन्ही वेळा तेच. दोन्ही काठांवर, मध्याच्या हातभर पुढे, तीन-तीन छिद्रांची जोडी आहे आणि उजव्या बाजूला तर धातूची पट्टी अजून लावलेली आहे. धान मोजायचे दोन काटे शेजाऱ्यांकडून आणून पुढचे आणि मागचे टोक एकाच वेळी तोलले. बेरीज एकशे अकरा किलो झाली.

खडूच्या रेघा फक्त पाच ठिकाणी आल्या आहेत. मला याहून पुष्कळ अधिक येतील अशी भीती होती.

आता रंगाविषयी विचारते. होडी कोठ्याजवळ आहे आणि दोन गायी व एक कालवड तेथेच बांधलेली असते. रंग तेथेच काढावा का?

जुना कॅडेट, नागपूर

४०४ आणि १६० ही दोन्ही मापे, दुहेरी घडी आणि तारांच्या पट्ट्या हे सगळे एकत्र पाहिल्यावर माझ्या मनात शंका उरलेली नाही. ताई, ही एंटरप्राइज आहे. एकशे अकरा किलोत रंगाचे तीन थर आणि इतक्या वर्षांची धूळमाती आली. त्या मानाने तिचे अंग जड झालेले नाही.

कोठ्याजवळ रंग मुळीच काढू नका. जुन्या तैलरंगांत शिसे असते. गुरांना रंगाचे पापुद्रे चाटण्याची सवय असते आणि त्यातून त्यांना विषबाधा होते. वासरे-कालवडी तर लवकर दगावतात. होडी उचलून दूरच्या मोकळ्या जागी न्या, खाली ताडपत्री अंथरा, कोरडे घासू नका, पाणी लावून घासा, आणि निघालेला लगदा गोळा करा. तो शेणखताच्या खड्ड्यात किंवा धानाच्या बांधीत जाऊ देऊ नका. तोंडाला चांगला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा. सर्वांत खालच्या निळ्या रंगाचा बोटभर तुकडा एका कोपऱ्यात तसाच राहू द्या, म्हणजे पुढे रंग जुळवायला तो कामी येईल.

चंद्रपूर फायबर

ब्रह्मपुरीच्या काकांचा वजनाचा हिशेब मी करून पाहिला आणि तो बरोबर आहे. माझा सल्ला मी मागे घेतो. तरी एक गोष्ट सुचवतो: सगळ्या अंगावर थर न देता, फक्त घड्यांच्या बाहेरच्या कडेवर, दोन इंच रुंदीची पातळ काचेची पट्टी एपॉक्सीने बसवली तर घासण्यापासून संरक्षण मिळेल आणि वजन किलोभराच्या आत राहील.

एपॉक्सीचा एक अनुभव सांगतो, कारण आमच्या हातून पुष्कळ माल यात वाया गेला आहे. दहा अंशांनी तापमान वाढले की मिसळलेले एपॉक्सी साधारण निम्म्या वेळात आवळते. डब्यावर लिहिलेला वेळ पंचवीस अंशांचा असतो. पंचेचाळीस अंशांत तो पावावर येतो, आणि खोलगट डब्यात ठेवले तर मिश्रण स्वतःच तापून धूर सोडते. थोडे-थोडे मिसळा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. पावसाळी हवेत वाळलेल्या थरावर मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने घासून धुतल्याखेरीज पुढचा थर देऊ नका, नाहीतर तो पुढे पापुद्र्यासारखा सुटतो.

सुतारकाम, ब्रह्मपुरी

घडीवरच्या पट्टीला माझी संमती आहे. ताई, मधल्या पेटीबद्दल एक राहिले होते. अशा होड्यांत पाणी बहुतेक वेळा पेटी आणि तळ यांच्या सांध्यातून येते, आणि लोक वरून पुट्टी थापत राहतात. पेटी तळापासून सोडवून, दोन्ही बाजू स्वच्छ करून पुन्हा नव्याने बसवणे हाच त्यावर खरा उपाय आहे. त्या कामाला चार-पाच शिकंजे आणि दोन माणसे लागतील. कार्तिकात मी दोन दिवस येऊ शकतो; शिकंजे घेऊन येईन.

वैनगंगेचा ढिवर

होडी तयार झाली की थेट धरणाच्या पाण्यात नेऊ नका, ताई. गोसीखुर्दच्या बुडितात जुन्या झाडांचे बुंधे पाण्याखाली उभे आहेत आणि मधल्या पेटीतून खाली सोडलेली फळी त्यात अडकली तर होडी जागीच उलटते. आधी गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात, काठालगत, कमरेइतक्या पाण्यात ती मुद्दाम भरून उलटवून पाहा. अशा जुन्या लाकडी होड्यांत हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात. आतल्या काठांवर त्यांच्या पट्ट्यांचे खिळे सापडतील. पिशव्या नसतील तर नव्या घ्या, त्यांच्याविना ती भरल्यावर तुम्हाला तारणार नाही. लाइफ जॅकेट दोघांनाही हवे. आमच्या डोंग्यावर आम्ही ते घालत नव्हतो, आता घालतो.

पवनीची शिक्षिका

आकडा सापडला. मागच्या फळीच्या आत नव्हता. मधल्या पेटीच्या मागे, तळाच्या जाड लाकडावर, इतक्या वर्षांच्या तणसाच्या भुशाखाली होता. ओल्या फडक्याने पुसल्यावर पहिल्यांदा काहीच दिसले नाही. मग शाळेत मुलांकडून पानांचे ठसे घेतो तसा पातळ कागद वर धरून पेन्सिल आडवी घासली, आणि इंग्रजी आकडे एकेक करून पांढरे उमटत गेले. पहिला, दुसरा आणि चौथा आकडा स्वच्छ आहे. तिसरा एक आहे की सात हे ठरत नाही, कारण त्याच्या डोक्यावर जुन्या वॉर्निशचा थेंब वाळलेला आहे.

मामंजींच्या ट्रंकेत लिलावाची पावती असेल असे सासूबाई म्हणतात. ती उद्या शोधणार आहे. तोवर विचारते: लाकडाला आणि कोरलेल्या रेघांना धक्का न लावता तो थेंब कशाने काढावा?

सुतारकाम, ब्रह्मपुरी

कापसाचा लहान बोळा डिनेचर्ड स्पिरिटमध्ये बुडवून, पिळून, फक्त त्या थेंबावर दोन मिनिटे ठेवा. मऊ झाला तर बांबूची बोथट काडी रेघेच्या दिशेनेच फिरवा, आडवी नाही. मऊ झाला नाही तर थांबा, जोर करू नका. कार्तिकात मी येईन तेव्हा दोघे मिळून पाहू.